निळ्या राज्याचे नियम

पडद्यावरच्या हिरव्यागार माळावर ती हरणं उभी असायची — मान खाली घालून गवत हुंगणारी, मधूनच कान हलवणारी, तांबूस पाठीवर पांढरे ठिपके असलेली. त्यांच्या शेजारून आमची निळ्या कपड्यांतली माणसं टोपल्या घेऊन जायची, लाकडं वाहायची, घरं बांधायची, आणि हरणांना कोणी बोटही लावायचं नाही. कधी एखादं हरीण नेमकं घराच्या आखलेल्या जागेवर येऊन उभं राहायचं, आणि मग आमचं बांधकाम थांबायचं; ते तिथून हलेपर्यंत आम्ही दोघी बहिणी हनुवटीला हात लावून वाट बघत बसायचो, आणि तेवढ्या वेळात तिकडं लाल रंगाच्या शत्रूनं आपल्या वाट्याची सगळी हरणं मारून, कोठार भरून, सैन्य उभं करायला घेतलेलं असायचं. आजही ते चित्र आठवलं की डोळ्यांसमोर आधी तो हिरवा रंग येतो आणि त्याच्या मागोमाग वैताग येतो. इतकी वर्षं झाली, तो वैताग काही जुना होत नाही.

लॅपटॉप अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून आमच्या जैन घरांत बहिणीला अक्का आणि वडिलांना अण्णा म्हणायची रीत. अण्णांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीला पेंड-भुशाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माथ्यावरच आमचं घर. खाली पोती उतरायची, वजनकाट्याच्या साखळ्या वाजायच्या, आणि सरकीच्या पेंडीचा तो गोडसर, तेलकट वास जिन्यानं वर चढून आमच्या अंथरुणांत, कपड्यांत, पुस्तकांत जाऊन बसायचा. अक्का संगणकाचं शिकत होती, म्हणून अण्णांनी तिला तो काळा, जाडजूड लॅपटॉप घेऊन दिला होता. तो तापायचा फार. त्याला आम्ही जेवणाच्या पाटावर ठेवायचो, आणि त्याच्या कुशीतून जो गरम वारा बाहेर यायचा त्यालाही पेंडीचाच वास... भुशाची धूळ आत जाऊन बसली होती ना. कळांच्या फटीतून ती धूळ काढायला अक्का मोराचं पीस वापरायची आणि मी तोंडानं फुंकर मारून तिच्या शिव्या खायची.

मे महिन्याच्या दुपारी — खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, हमाल पोत्यांवर आडवे झालेले, वर पंख्याचा खुळखुळ आवाज — आम्ही पालथ्या पडून तो खेळ खेळायचो. सुरुवातीला चार माणसं आणि एक झोपडी मिळायची. त्यांना कामाला लावायचं, अन्न, लाकूड, दगड, सोनं गोळा करायचं, शेतं करायची, तटबंदी घालायची आणि शेवटी लाल राज्याला हरवायचं. डोकं लावायचा खेळ. माउस अक्काकडं. माझ्याकडं नकाशा. पडद्याच्या कोपऱ्यात सगळ्या मुलुखाचा एक छोटासा चौकोनी नकाशा असायचा, त्यावर शत्रू चालून आला की लाल ठिपके हलताना दिसायचे. ते दिसले रे दिसले की मी ओरडायचं. दुसरं काही नाही, फक्त ओरडायचं. ते काम माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की रस्त्यानं लाल रंगाची गाडी आली तरी माझं तोंड उघडायचं.

शिकार नाही, हे तर आमच्याकडं ठरवावंही लागलं नव्हतं. आपण मुंगी चुकवून पाय टाकणारी माणसं, हरीण मारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. एकदा आई डाळ निवडत निवडत मागं येऊन उभी राहिली आणि पडद्यावर चाललेली कापाकापी बघून तिनं विचारलं, "हे काय गं?"

"लढाई," मी म्हणाले. "हरणं मारायची न्हाईत म्हणतीस, मग माणसं मारलेली चालतात व्हय?"

आईनं एक खडा बाजूला टाकला. "ती आपल्या पायानं चालून आलीत. हरणानं काय केलंय कुणाचं?" एवढं बोलून ती डाळीकडं गेली, आणि अक्का हसून हसून पाटावर आडवी झाली. हसली की तिच्या डाव्या गालावर खळी पडायची आणि ती ओढणीनं तोंड झाकायची.

तेव्हा आम्ही जिंकायचो. सोप्या पातळीवर, रडतखडत, पण जिंकायचो. सर्वांत अवघड पातळी मात्र कधीच जिंकलो नव्हतो, आणि एकदा तरी ती जिंकायचीच, हा माझा त्या वयातला ध्यास होता. शाळा, परीक्षा, दहीहंडी, काही म्हणजे काही मला त्याच्याइतकं महत्त्वाचं वाटत नव्हतं.

मग त्या वर्षीच्या चातुर्मासाला आमच्या बस्तीत — देवळाला आम्ही बस्ती म्हणतो — आर्यिकांचा, म्हणजे साध्वींचा, संघ मुक्कामाला आला. पांढऱ्या साड्या, हातात मोरपिसांची पिंछी, अनवाणी पाय, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं सरकावं लागायचं. अक्का कॉलेजहून परस्पर प्रवचनाला जाऊ लागली. आमच्यात अशा वेळी लोक नियम घेतात. कुणी चार महिने पालेभाजी सोडतं, कुणी गोड सोडतं, अण्णांनी एकदा चहा सोडला होता आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांच्या डोकेदुखीची शिक्षा भोगली होती. नियम घ्यायला कुणी सांगत नाही; आपणहून एक गोष्ट सोडायची, हात जोडून तसं म्हणायचं, आणि मग काही झालं तरी मोडायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण माणूस खेळात नियम घेईल, हे मला कसं कळावं...

"आजपासून मासेमारी बंद," एका दुपारी अक्का म्हणाली.

मला थट्टा वाटली. "अगं, कोळ्यांच्या होड्या बांधल्यात की आपण."

"राहू देत बांधलेल्या. मासं धरायचं न्हाई. नियम घेतलाय मी."

"खेळात?"

"खेळात म्हणून काय झालं? बोट तर माझंच दाबतंय की."

त्या होड्या पाण्यावर नुसत्या डुलत राहिल्या, आणि तो डाव आम्ही हरलो. मी उशी फेकली, ती पंख्याला लागली आणि कापूस घरभर झाला. आईनं माझी पाठ शेकली. अक्कानं कापूस गोळा करून नवा डाव मांडला.

पुढचे सहा-आठ महिने मी जो छळ सोसला, तो आता सांगताना हसू येतं खरं, पण तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. दर काही दिवसांनी अक्कासाहेब नवीन नियम घेऊन यायच्या. एकदा ठरलं, आपण होऊन कुणावर हल्ला करायचा नाही. तटाच्या आत राहायचं, चालून आले तर तेवढ्यापुरतं आवरायचं. मग ठरलं, नदीच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. आमच्या धर्मात तसं व्रतच आहे, इथपर्यंतच जाईन, ह्याच्या पुढं नाही, अशी दिशांना मर्यादा घालायची. झालं. अर्धा नकाशा कायमचा काळाकुट्ट. नदीपलीकडं सोन्याच्या मोठमोठ्या खाणी आहेत, दगड आहे, लाल राज्य तिथं दिवाळी साजरी करतंय, आणि आम्ही अलीकडच्या काठावर बसून बोरं गोळा करतोय... आणि मग आलं सोन्याचं परिमाण. इतकं सोनं झालं की खाण बंद. त्याच्यावर एक कणही साठवायचा नाही. राज्य वाढवायच्या खेळात. साठवणं हाच ज्या खेळाचा जीव आहे त्या खेळात. खाणीतली माणसं फावडी खांद्यावर टाकून रिकामी उभी, आणि मी शेजारी बसून दात-ओठ खातेय.

"संगणकाला कुठं नियम हायत?" मी रडकुंडीला येऊन विचारायची. "तो हरणं मारतोय, मासं धरतोय, सगळं सोनं उपसतोय. त्यानं नियम घेतलेत काय?"

"न्हाईत घेतले. म्हणून तर आपण घ्यायचे."

डाव मांडायचा, नियम पाळायचे, लाल फौज यायची, तट फुटायचा, घरं जळायची, आणि त्या जळत्या राज्याच्या मधोमध आमची हरणं आपली शांतपणे गवत खात उभी. मला त्या हरणांचा राग यायचा, अक्काचा यायचा, पाटाचा, लॅपटॉपचा, पेंडीच्या वासाचा, सगळ्याचाच यायचा. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याआधी पाट मांडून तयार असायची. तिच्या दंडाला दंड लावून पडून राहण्यासाठी मी रोज हरायला तयार होते, हे मला आता कळतं.

पडद्याबाहेरही ती एकेक सोडत होती. पायातलं पैंजण गेलं, कानातलं गेलं, रंकाळ्यावरची भेळ गेली. नवीन कपडे घेणं थांबलं, मग मोबाईल आईच्या कपाटात गेला. सगळे बघत होते. मी एकटी लाल ठिपके बघत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो असताना, अण्णांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितलं की चातुर्मासाच्या आधी अक्का संघात जाणार. तिथं राहील, शिकेल, आणि पुढं दीक्षा घेईल. घरी परत येणार नाही. अण्णा हे सगळं दुकानातला भाव सांगावा तसं सपाट आवाजात बोलले आणि मग तो तुकडा त्यांनी खाल्लाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागली. पाहुणे, भावकी, बस्तीतल्या बायका. जो तो आईला म्हणायचा, भाग्यवान आहेस, कूस उजळली. आई मान हलवायची, पेढे द्यायची. अक्काच्या पाया पडायला म्हाताऱ्या बायका यायच्या आणि ती पाय ओढून घेत भिंतीला टेकायची. सगळं घर उदबत्तीच्या आणि फुलांच्या वासानं असं भरून गेलं की पेंडीचा वास कुठं गेला कळेना. आणि मला — मला राग आला होता. साधा, सरळ राग. माझी बहीण जाणार आणि ह्यांना आनंद झालाय. पण त्या घरात तेव्हा रागाला जागाच नव्हती. जरा तोंड फुगवलं की कुणीतरी गालाला हात लावून म्हणायचं, असं करू नये बाळा, पुण्याची गोष्ट आहे. रडलं तर पाप, चिडलं तर पाप. मग मी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला लाथा घातल्या आणि अंगठा सुजवून खाली आले.

माझ्या सुजल्या अंगठ्याला अक्का हळद लावत होती. पाहुणे नव्हते, दुपार होती, आई जवळच सुपात तूरडाळ घेऊन बसली होती. तेव्हा मी इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम बोलून टाकलं.

"नियम पाळून कुणी जिंकत न्हाई. वर्षभर बघतोय मी. हरतोच आपण. मग तिकडं जाऊन तू काय करणार हाईस?"

आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी आलो, मी बघतो' असंच बोलतात. अक्काही तसंच बोलायची. तिनं हळदीचा हात ओढणीला पुसला आणि माझ्याकडं बघितलं. लहान मुलाकडं बघतात तसं नाही, नीट बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "एक डाव खेळू. सगळ्यांत अवघड. सगळे नियम पाळून. हरलो, तर यंदा मी जात न्हाई. वर्षभर थांबतो. जिंकलो, तर मी जाताना तू रडायचं न्हाई."

"शप्पथ?"

"शब्द देतो."

"अगं, असल्या गोष्टीवर कुणी पैज लावतं काय?" आई म्हणाली. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"पैज न्हाई, आई. एवढ्या लोकांनी येऊन मला चांगलं म्हटलं. हिचं म्हणणं वेगळं हाय. ते ऐकून घ्यायला नको?"

मी धावत जाऊन पाट आणला, लॅपटॉप ठेवला. मला आनंद आवरत नव्हता; कारण ते जिंकणं शक्यच नव्हतं. नकाशा माझ्याकडं होता आणि मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की आज लाल ठिपके दिसले तरी तोंड उघडायचं नाही. ओरडणं हे माझं काम होतं, पण ओरडलंच पाहिजे असा नियम काही मी घेतलेला नव्हता.

डाव सुरू झाला तशी आई सूप घेऊन सरकत सरकत आमच्या मागं आली. आयुष्यात तिनं कधी त्या खेळात लक्ष घातलं नव्हतं.

"आपलं कुठलं गं ह्यातलं?"

"निळं," मी म्हणाले.

"आणि ते दुसरं?"

"लाल."

आई त्यानंतर किती तरी वेळ लाल राज्याकडंच बघत बसली.

त्या दिवशी अक्का जशी खेळली तशी मी तिला कधी बघितली नव्हती. घाई नाही, चिडचिड नाही. शेतं आखली, बोरीच्या झुडपांपाशी माणसं लावली, नदीच्या काठानं तट घालायला घेतला. एक हरीण तटाच्या रेषेत आलं तर तिनं भिंतच वळवून घेतली. सोनं तिच्या परिमाणापाशी आलं तशी खाण बंद केली. आणि मग ती नगराच्या मधोमध एक भव्य मनोरा बांधायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खेळात जिंकायची आणखी एक वाट होती, आम्ही कधीच न वापरलेली — शत्रूला मारायचं नाही, तो मनोरा उभा करायचा आणि पडद्यावरचं घड्याळ संपेपर्यंत तो पडू द्यायचा नाही. परिमाण ठरवतानाच तिनं ह्या मनोऱ्यापुरतं सोनं धरलं होतं. म्हणजे वर्षभर मी उशा फेकत होते आणि ही शांतपणे हेच जुळवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि त्याच वेळी, काय सांगू, मला तिचा इतका अभिमान वाटला...

मनोरा उभा राहिला. घड्याळ सुरू झालं. आणि लाल फौज नदीवरच्या वेशीवर येऊन धडकली.

अक्का वेशीत गुंतली. तट ढासळला की डागडुजी, बुरूज पेटला की विझवणं. तिच्या कपाळावर घाम आला होता, मनगटावर निळी शीर ताठ दिसत होती. लॅपटॉप भट्टीसारखा तापला होता. आणि तेव्हा कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, मागच्या बाजूनं, जंगलाच्या कडेकडेनं, मला लाल ठिपक्यांची एक बारीक रांग येताना दिसली. दगड फेकणारे गाडे. मागं दगडी तट पुरलाच नव्हता, तिथं नुसतं लाकडी कुंपण होतं; आणि कुंपणाला लागूनच मनोरा.

अक्काला ते दिसत नव्हतं. मी ओठ दाबून धरले. ठिपके सरकत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं, तेवढंच, जरा वेळ गप्प बसायचं की झालं — अक्का घरी, पुढची दिवाळी, पुढचा उन्हाळा, पाट, पेंडीचा वास, दंडाला दंड. आई पडद्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होती; तिला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरचं कळलं असावं, कारण तिनं माझा हात घट्ट धरला. ठिपके कुंपणाला भिडले.

"अक्का, मागं! मागनं आले!"

माझाच आवाज. मी ओरडायचं ठरवलं नव्हतं, ओरडणार नाही असं ठरवलं होतं, पण वर्षानुवर्षांची सवय ती. आपल्या निळ्या माणसांच्या घरावर गाडे आलेत आणि मी गप्प बसलेय, हे माझ्या जिभेला कळेनाच. अक्कानं क्षणात नजर फिरवली, बुरुजावरची माणसं मागं पळवली. गाडे कुंपणापाशीच मोडून पडले. पडद्यावरचं घड्याळ संपलं. तुतारी वाजली, निळी निशाणं वर चढली. सर्वांत अवघड पातळी आम्ही जिंकलो होतो, शिकार न करता, नदी न ओलांडता, आपण होऊन एक बाणही न सोडता.

आईनं माझा हात सोडला. ती उठली तेव्हा सूप कलंडलं आणि सगळी तूर फरशीवर सांडली. पण ती गोळा करायला न थांबता ती आत गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. धुवायला तेव्हा काही नव्हतं.

अक्कानं झाकण मिटलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघ," ती म्हणाली, "तूच वाचवलंस."

एवढं एक वाक्य ती बोलली नसती तरी चाललं असतं.

ती गेली त्या सकाळी ओटी भरली, मिरवणूक निघाली, सगळ्या गल्लीनं फुलं उधळली. पांढऱ्या साडीत ती एकदम उंच वाटत होती. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, केवढी समजूतदार आहे पोर. आणि मी आतल्या आत धुमसत, मुठी आवळून, ठरल्याप्रमाणे उभी राहिले. रागानं असो, कशानं असो, शब्द पाळला.

लॅपटॉप माझ्याकडं आला. आता माउसही माझा, नकाशाही माझा. पहिल्याच दुपारी मी चिडून एका भालेवाल्याला थेट हरणाच्या अंगावर पाठवलं... आणि तो अर्ध्या वाटेवर असतानाच परत बोलावलं. मला जमलं नाही. पुढं मी कितीदा खेळले, तिचे सगळे नियम पाळून, तोच मनोरा बांधून. ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून असेल, मागच्या बाजूकडं माझं लक्ष राहायचंच नाही. काही वर्षांनी त्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, पडदा काळा पडला, आणि अण्णांनी तो भंगारात घातला. अण्णाही आता नाहीत. दुकान भाड्यानं दिलंय, तिथं मोबाईलची झाकणं विकतात. जिन्यात आता प्लास्टिकचा वास येतो.

ह्या सगळ्या वर्षांत आईनं मला एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी कधी गप्प गप्प दिसले, अक्काच्या दीक्षेच्या वेळी रीतीप्रमाणे तिचे केस उपटताना बघून मांडवातून उठून गेले, कधी उगाच तिच्यावर खेकसले, की ती म्हणायची, "तू कशाला मनाला लावून घेतीस? ती जाणारच होती. लहान म्हणून तुझी समजूत काढली तिनं." आणि मला ते पटत आलं होतं. जिंकलो काय, हरलो काय, एवढ्या मोठ्या निर्णयापुढं एका पोरीच्या खेळाची काय कथा. त्या वाक्याला धरून मी मोठी झाले.

ह्या वर्षी संघ पायी विहार करत इचलकरंजीला आला. आईला घेऊन मी दर्शनाला गेले. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून आत येत होता. आई आधी आत जाऊन आली, बाहेर येऊन चप्पल शोधत बसली. मग माझी पाळी आली. समोर पाटावर माताजी बसल्या होत्या — अक्का म्हणायचं नाही आता. वाळलेला चेहरा, बारीक केस, मांडीवर पिंछी. मी लांबूनच वाकून नमस्कार केला. स्पर्श करायचा नसतो. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला, माझ्या नोकरीची चौकशी केली, आणि सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, काही नियम घेणार का.

मी म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी ओरडलो नसतो, तर तुम्ही खरंच थांबला असता?"

मागं रांग होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं. त्यांनी मला कुठला दिवस, कशाबद्दल, असं काही विचारलं नाही. डोळे मिटले, आणि मग जो आवाज आला तो माताजींचा नव्हता, लक्ष्मीपुरीतल्या माथ्यावरच्या खोलीतला होता.

"थांबलो असतो की. शब्द दिलता तुला."

मी उठले. मागच्या बाईंना जागा करून दिली. बाहेर कडक ऊन होतं. वर्षभर. एक आख्खं वर्ष ती घरात असती. सकाळी तिच्या वेणीचा वास, दुपारी पाट, जेवताना समोर बसलेली. पुढच्या साली गेली असती, जाऊ दे. पण ते वर्ष माझं होतं आणि माझ्याच तोंडानं मी ते घालवलं. आणि फक्त माझं नव्हे. त्या दुपारी माझा हात घट्ट धरून लाल राज्याच्या बाजूनं बसलेली जी बाई होती, तिचंही.

आई कट्ट्यावर बसली होती, एका पायात चप्पल, एक हातात. गुडघे दुखतात तिचे आता. मला बघून तिनं विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"काही न्हाई. आशीर्वाद दिला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला अजून सगळं तोंडावरच वाचता येतं. "परत तेच काढलंस व्हय डोक्यात?" ती म्हणाली. "कितीदा सांगू तुला? ती जाणारच होती."

मी खाली बसले, तिच्या हातातली चप्पल घेऊन तिच्या पायात घातली.

"व्हय आई," मी म्हणाले. "जाणारच होती."